पुढची नंबर प्लेट हवेच्या वाटेत नको : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
विदर्भातील सर्व प्रादेशिक व उपप्रादेशिक परिवहन अधिकारी,
आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवणारे सर्व फिटर बांधव

विषय : स्पोर्ट्स कारची पुढची नंबर प्लेट रेडिएटर आणि इंटरकूलरच्या हवेच्या तोंडावर न बसवता बाजूच्या भक्कम जागी बसवण्याची लेखी मुभा मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

कारंजा लाडच्या बाहेर, समृद्धी महामार्गावर चढायच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. रोजचं काम म्हणाल तर ट्रॅक्टर, बोलेरो, मालवाहू पिकअप आणि वाशिम, अकोला, यवतमाळ पासिंगच्या साध्या कार. पण ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला, आणि आमच्या दारात वेगळ्या बांध्याच्या गाड्या येऊ लागल्या. जमिनीलगत बसणाऱ्या, टर्बो लावलेल्या, बंपरमध्ये हवा आत घेणारं रुंद तोंड असलेल्या. काही नागपूरहून किंवा पुण्याकडून येणाऱ्या, वाटेत गरम झाल्या म्हणून खाली उतरलेल्या. काही इथल्याच पोरांच्या. कुणी कंत्राटदाराचा मुलगा, कुणी संत्र्याचा व्यापारी, कुणी पुण्यात नोकरी करून हौसेनं घेतलेली जुनी गाडी गावी आणलेला. त्यांच्या गाड्यांच्या पुढच्या नंबर प्लेटबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

आधीच स्पष्ट सांगतो. पुढची नंबर प्लेट नको, असं मी म्हणत नाही. ती हवीच. आमच्या भागात रात्री रस्त्याच्या कडेनं बैलबंडी चालते, ढोरं रस्ता ओलांडतात, पऱ्हाटीच्या वावरातून परतणाऱ्या बायका कडेनं येतात. कुणाला धडक देऊन गाडी पळाली, तर गरीब माणसाच्या हातात पुरावा म्हणून त्या पाटीवरचे चार आकडेच उरतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ५० सांगतो की नोंदणी क्रमांक पुढे आणि मागे, दोन्हीकडे, स्पष्ट वाचता येईल असा हवा. हा नियम योग्य आहे. प्लेट डॅशबोर्डवर ठेवणारे, बॉनेटवर स्टिकर चिकटवणारे, काळ्या काचेआड लपवणारे माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांचं काम करत नाही.

माझं म्हणणं जागेपुरतं आहे. प्लेट गाडीच्या पुढच्या भागात नेमकी कुठे आणि कशी बसवायची, याचा विचार न करता ती मधोमध, हवेच्या जाळीवर ठोकली जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याची किंमत इंजिन मोजतं.

हे आत्ताच का उपटलं, तेही सांगायला हवं. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते, आणि तिची जागा बंपर बनवतानाच ठरलेली असते. प्रश्न त्याआधीच्या गाड्यांचा आहे. महाराष्ट्रात या जुन्या गाड्यांना नव्या प्लेट लावण्यासाठी आधी ३१ मार्च २०२५ ही मुदत दिली गेली आणि पुढे ती वेळोवेळी वाढवली गेली. जुन्या स्पोर्ट्स कार नेमक्या याच गटात येतात. कुणाचा बंपर बदललेला, कुणाची गाडी बाहेरच्या देशातून आलेली, कुणाची पुढची जाळी मोठी केलेली. केंद्रावर गर्दी, उन्हात उभी रांग, हातात ड्रिल. फिटर बिचारा मधली जागा बघतो आणि मोकळा होतो. त्याला दुसरं काही करायला कुणी सांगितलेलंच नाही.

आता हवेचं गणित बघू. गाडी पळते तेव्हा तिच्या नाकासमोरची हवा जागच्या जागी दाबली जाते. हा दाब सगळ्यात जास्त असतो तो बंपरच्या मधल्या, पुढे आलेल्या भागावर. म्हणूनच गाडी आखणारे तिथे तोंड ठेवतात. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला, आपल्याकडच्या उन्हाळी हवेत, हा दाब पाण्याच्या साधारण ६३ मिलिमीटर स्तंभाइतका भरतो. ताशी ८० ला तो २८ च्या आसपास येतो. ऐकायला हा दाब किरकोळ वाटेल, पण रेडिएटरच्या बारीक पापुद्र्यांतून हवा ढकलायला वेगात असताना मुख्य आधार त्याचाच असतो. पुढे दाब जास्त, बॉनेटच्या आत कमी. या फरकावर हवा आत शिरते.

आता त्या तोंडासमोर सपाट पत्रा आणा. हवा पत्र्यावर आपटून चारही कडांनी बाहेर वळते आणि पत्र्याच्या मागे मंद हवेचा, कमी दाबाचा खळगा तयार होतो. त्यामुळे पत्रा जेवढी जागा झाकतो, तेवढंच नुकसान होऊन थांबत नाही. कडेची थोडी उघडी जागासुद्धा नीट हवा घेत नाही. ५०० बाय १२० मिलिमीटरची प्लेट म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटर. बंपरचं खालचं तोंड ९० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच धरलं तर ते १३५० चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त तोंड एका प्लेटनं झाकलं. टर्बो गाडीत इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी, बहुतेक वेळा नेमका याच खालच्या तोंडामागे असतो.

विदर्भातल्या कुठल्याही घरात हे समजावून सांगावं लागत नाही. कूलरच्या मागच्या ताटीसमोर फळी उभी केली की पंखा कितीही जोरात फिरू दे, खोली गार होत नाही, हे आमच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

हा प्रश्न मी विदर्भातून का मांडतो आहे, याचं कारण तापमानात आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे आतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर धरा. पुण्यात दुपारी ३२ अंश असेल तर फरक ६३ चा. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश ही नवलाई नाही, तेव्हा फरक उरतो ५० चा. त्याच गाडीची, त्याच रेडिएटरची ताकद इथे पाचव्या हिश्शानं कमी झाली. त्यात एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसलेला असतो आणि इथे एसी बंद ठेवून कुणी प्रवास करत नाही. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा ४५ ची नसून कंडेन्सरनं आणखी तापवलेली असते. जमिनीलगतच्या गाडीच्या तोंडाशी तर तापलेल्या काँक्रीटची धग थेट येते. मे अखेरच्या नवतप्यात दुपारी दोन वाजता समृद्धीवर ही सगळी कारणं एकत्र येतात. जी प्लेट मुंबईत चालून जाते, तीच प्लेट त्याच गाडीवर इथे जड जाते.

इंजिनात जाणाऱ्या हवेचंही तसंच. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सहा टक्क्यांहून थोडी जास्त विरळ असते, म्हणजे तेवढा प्राणवायू आधीच कमी. टर्बो ती हवा दाबून आणखी तापवतो आणि इंटरकूलरनं ती परत गार करायची असते. इंटरकूलरला वारा मिळाला नाही की आत जाणारी हवा तापलेलीच राहते. इंजिनात नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके, होऊ नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो. चालवणाऱ्याला एवढंच कळतं की पिकअप मेला.

माझ्याकडे येणारी तक्रार बहुधा अशी असते : "भाऊ, एसी थंडच नाही करून राह्यला, अन् गाडी ओढूनही नाही राह्यली." सुई वर चढली, असं फार कमी जण सांगतात. कारण बऱ्याच नव्या गाड्यांत तापमानाची सुई मुद्दाम मधोमध धरून ठेवलेली असते, पाच-दहा अंशांच्या चढउताराला ती हलत नाही. ती हलते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधी कॉम्प्युटर एसीचा कॉम्प्रेसर तोडतो, इंजिनवरचा भार उतरावा म्हणून. स्कॅनर लावून चालत्या गाडीचं कूलंट आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघितलं की खरं चित्र दिसतं. माणूस गॅस भरून घ्यायला आलेला असतो आणि दोष गॅसमध्ये नसतोच.

मी एक साधा प्रयोग करतो, कुणालाही करता येईल असा. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात थोडं रंगीत पाणी घालायचं. एक टोक पुढच्या तोंडात प्लेटच्या मागे बांधायचं, दुसरं टोक गाडीच्या आत, डॅशबोर्डखाली शांत हवेत. शेजारी बसलेल्या माणसानं नळीला फूटपट्टी लावून पाण्याचा फरक वाचायचा. मग प्लेटची जागा बदलून त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं परत. जाळीला चिकटून प्लेट असताना पाणी जेमतेम चढतं, प्लेट बाजूला गेली की त्याच वेगाला स्पष्ट वर जातं. यंत्र शंभर रुपयांचंही नाही. आपल्या एखाद्या मोटार वाहन निरीक्षकांना ते दाखवायला मला आनंद होईल.

सगळ्याच गाड्यांना हा त्रास नाही, हेही सांगतो. ज्या कारच्या बंपरला मधे बंद प्लास्टिकचा पट्टा आहे आणि प्लेट त्या पट्ट्यावर बसते, तिचं काहीच बिघडत नाही. त्या पट्ट्यामागे धक्का झेलणारा आडवा बीम असतो, हवा तिथून जातच नव्हती. गावात ताशी तीस-चाळीसनं फिरताना हवा खेचण्याचं बहुतेक काम पंखा करतो, तेव्हाही फरक थोडाच पडतो. अडचण आहे ती मोठ्या तोंडाच्या, टर्बोच्या, वेगात लांब पल्ला मारणाऱ्या गाड्यांची. संख्येनं त्या थोड्या आहेत. म्हणूनच त्यांच्यासाठी वेगळी सूचना काढणं अवघड जाऊ नये.

मापांचाही घोळ आहे. नियमानं कारला ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटर, अशी दोन मापं चालतात. बाहेरच्या देशांतल्या गाड्यांचे बंपर तिथल्या पाटीप्रमाणे खोलगट केलेले असतात. युरोपातली पाटी साधारण ५२० बाय ११०, जपानची ३३० बाय १६५, अमेरिकेची सुमारे ३०५ बाय १५२. युरोपच्या बंपरवर आपली लांब प्लेट जवळपास नीट बसते. जपानी मापाच्या खाचेत आपली ३४० बाय २०० बसवली की ती ३५ मिलिमीटर खाली लोंबते, थेट तोंडावर. अमेरिकी खाचेत तर दोन्ही मापं बाहेर येतात. तिथे गाडी बघून माप निवडलं तर निम्मा प्रश्न जागीच मिटतो. दोन्ही मापं कायद्यात आहेत, पण निवड करायला केंद्रावर कुणी विचारत नाही.

मग प्लेट बसवायची कुठे? माझा पहिला पर्याय नेहमी बंद पट्ट्याचा. बीमसमोरची जागा मिळत असेल तर दुसरीकडे बघूच नये. ती नसेल तर तोंडाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला, फॉगलॅम्प आणि तोंड यांच्या मधल्या भक्कम भागावर. यात नवं काही नाही. इटलीच्या अल्फा रोमिओनं १९९७ च्या १५६ मॉडेलला मधली उभी जाळी मोकळी ठेवून पाटी बाजूलाच दिली. मित्सुबिशीनं १९९९ च्या लान्सर इव्होल्यूशन सहामध्ये पाटी मधून काढून बाजूला नेली ती इंटरकूलरला वारा मिळावा म्हणूनच. खुद्द कारखान्यानं घेतलेला हा निर्णय आहे, रस्त्यावरच्या कुणा मिस्त्रीची क्लृप्ती नव्हे.

बाजूला बसवण्यासाठी अनेक गाड्यांत तयार जागाही असते. बंपरवर एक छोटं झाकण दिसतं, त्याच्यामागे गाडी ओढायचा हूक लावायचे आटे असतात आणि ते आटे थेट लोखंडी बीममध्ये असतात. त्यात दांडा आवळून त्यावर प्लेटचा ब्रॅकेट बसवता येतो. बंपरला एकही भोक पडत नाही. फिटर बांधवांनी इथे एक ध्यानात ठेवावं : अनेक युरोपियन गाड्यांत हे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेनं जोर लावला तर आटे जातात आणि गाडी पुन्हा कधी ओढता येत नाही. शिवाय एकाच दांड्यावरची प्लेट वाऱ्यानं फिरते. ताशी १२० ला ५०० बाय १२० च्या प्लेटवर सुमारे चार किलोचा जोर सतत येत असतो. म्हणून ब्रॅकेटला दुसरा टेकू हवा, बंपरला टेकणारा रबरी ठोकळा लावला तरी चालतो. आणि गाडी ओढायची वेळ आली तर तो दांडा काढावा लागणार, हे मालकाला आधी सांगायला हवं.

काही गाड्यांना यातला कुठलाच पर्याय लागू पडत नाही, संपूर्ण पुढचा भाग म्हणजे तोंडच असतं. तिथे प्लेट तोंडासमोरच येणार, पण जाळीला चिकटवू नये. मागे नळीचे तुकडे घालून जाळीपासून तीन-चार सेंटिमीटर पुढे ठेवली तर वरून आणि खालून हवा मागे वळते. पूर्ण नुकसान भरून निघत नाही, पण बरंच वाचतं. तोंडाच्या अगदी वरच्या कडेला, बीमच्या सावलीत ती जितकी सरकेल तितकं चांगलं. मात्र प्लेटची कड बंपरच्या सगळ्यात पुढच्या रेषेबाहेर येता कामा नये. माणसाला किंवा जनावराला लागली तर ती कड कापते.

बंपरच्या खाली लोंबती प्लेट कुणी सुचवली तर मी विरोध करीन. आमच्या गावांतल्या गतिरोधकांची उंची ज्यानं पाहिली आहे, तो असं सुचवणार नाही. पहिल्याच गतिरोधकाला प्लेट वाकेल, तिचा चमकणारा थर तडकेल आणि कॅमेऱ्याला आकडे दिसणार नाहीत. प्लेट वाकवणं, तिला भोकं पाडणं, वर प्लास्टिकचं झाकण घालणं, वर आभाळाकडे तिरकी करणं हेही चूकच. हवेसाठी म्हणून यातलं काही करायची गरज नाही.

ड्रिलबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण सगळ्यात महाग नुकसान तिथे होतं. ठेंगण्या गाडीत बंपरच्या कातडीमागे लगेच एसीचा कंडेन्सर किंवा इंटरकूलर असतो. मधे दोन बोटांचीही जागा नसते. ड्रिलचं टोक आरपार गेलं की कंडेन्सरला भोक. गॅस लगेच सगळा जात नाही, दोन-चार दिवसांनी एसी मरतो, आणि तोवर प्लेट बसवल्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते. एका केंद्रावरून आलेली अशी गाडी मी उघडली तेव्हा प्लेटच्या रिबेटच्या सरळ रेषेत मागे कंडेन्सरला भोक दिसलं. मालक आठवडाभर एसीच्या दुकानांतून फिरत होता. उपाय साधा आहे. ड्रिलच्या टोकाला पाच-सहा मिलिमीटर सोडून बाकी भागावर लाकडी ठोकळा किंवा जाड टेप. बंपरमागे हात घालून आधी चाचपणं. आत सेन्सर आहे का ते बघणं, कारण काही गाड्यांत पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार खालच्या जाळीमागेच बसलेलं असतं आणि त्याच्यासमोर अॅल्युमिनियमचा पत्रा आला की ते आंधळं होतं.

आपल्या बाजूनं येणारा मुख्य आक्षेप मला दिसतो. हाय सिक्युरिटी प्लेटचं स्नॅप लॉक एकदाच बसतं, काढलं की मोडतं. तीच तर तिची सुरक्षा. ती ब्रॅकेटवर बसवली आणि ब्रॅकेट पान्यानं निघत असेल, तर सुरक्षा कुठे राहिली? आक्षेप रास्त आहे. यावर माझं उत्तर असं, की ब्रॅकेटचे बोल्टही त्याच प्रकारचे वापरा. पुरेसं आवळल्यावर डोकं तुटून पडणारे बोल्ट मिळतात, चोरी टाळण्यासाठी ते गाड्यांच्या स्टिअरिंग लॉकमध्ये वापरले जातात. एकदा बसले की पाना लागतच नाही. आजही कित्येक गाड्यांत प्लेट प्लास्टिकच्या चौकटीवर लॉक केलेली असते आणि ती चौकट बंपरला साध्या स्क्रूनं जोडलेली असते. म्हणजे मी सुचवतो ती पद्धत आजच्या चालू पद्धतीपेक्षा पक्कीच आहे. शिवाय गाडीच्या पुढच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात तिसरी नंबर प्लेट मानला जाणारा होलोग्राम स्टिकर असतोच, त्यावर नोंदणी क्रमांकासोबत इंजिन आणि चासी क्रमांकही असतो. ओढायच्या हुकाच्या जागेला तुटका बोल्ट चालणार नाही, कारण तो दांडा निघायला हवा. तिथे चावीचं लॉक असलेला नट घालावा.

कॅमेऱ्यांचं म्हणाल, तर महामार्गावरचे कॅमेरे वरून, लांबून, पूर्ण लेनचा फोटो घेतात. प्लेट मधून एक-दीड फूट बाजूला गेली म्हणून आकडे वाचायला अडचण येत नाही. अडचण येते ती तिरक्या, वाकलेल्या, झाकलेल्या प्लेटमुळे.

"एवढी महागडी गाडी परवडते, तर बघतील त्यांचं ते," असंही म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. गाडी गरम होऊन थांबते ती समृद्धीच्या कडेला, जिथे मैलोन्मैल झाडाची सावली नाही. आत म्हातारी माणसं असतात, लेकरं असतात. मागून ताशी शंभरनं ट्रक आणि बस येत असतात. कडेला उभी असलेली बंद गाडी आतल्या माणसांना जितकी धोक्याची, तितकीच मागून येणाऱ्याला. आणि हाच नियम उद्या आमच्या पिकअपवाल्यालाही उपयोगी पडेल. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावरून उडणारा कापसाचा पुंजका, त्यावर धूळ, त्यावर किडे, असा थर प्रत्येक गाडीच्या कंडेन्सरवर बसतो. यवतमाळ, अमरावती, वर्ध्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा. तोंड आधीच प्लेटनं निम्मं केलेलं असेल, तर उरलेलं निम्मं हा थर बुजवतो. उन्हाळ्याआधी तो मागून पुढे पाणी मारून धुवावा लागतो, आणि प्लेट जाळीला घट्ट रिबेट केलेली असेल तर तिच्यामागचा थर निघतच नाही.

म्हणून आयुक्त महोदय, आपल्याकडे मागणं एका परिपत्रकाचं आहे. ज्या गाडीला कंपनीनं पुढच्या प्लेटची जागा दिलेली नाही, किंवा ती जागा हवेच्या तोंडावर आहे, त्या गाडीची प्लेट पुढच्या भागात डाव्या किंवा उजव्या बाजूच्या भक्कम जागी बसवता येईल, असं त्यात स्पष्ट लिहावं. अटी कडक ठेवा : प्लेट तिरकी नसलेली, सरळ समोर तोंड केलेली, पूर्ण उघडी, हलणारी किंवा फिरणारी नाही, ब्रॅकेट असेल तर न निघणाऱ्या बोल्टचा. कायद्यातल्या दोन मापांपैकी गाडीला बसेल ते माप निवडण्याची सोय केंद्रावर द्या. बसवल्यावर पुढचा फोटो गाडीच्या नोंदीला जोडा, म्हणजे नंतर कुणी जागा बदलली तर कळेल. आणि या परिपत्रकाची प्रत महामार्ग पोलिसांपर्यंत पोहोचू द्या, नाहीतर बाजूची प्लेट दिसली की गाडी बाजूला घेतली जाईल आणि मालक पुन्हा ती जाळीवर ठोकून घेईल. यातला काही भाग केंद्राच्या नियमांशी निगडित असेल तर आपल्या शिफारशीसह दिल्लीला कळवा. विदर्भातल्या उन्हाचा अनुभव मुंबई-दिल्लीच्या टेबलावर आपल्याशिवाय कोण मांडणार?

फिटर बांधवांनो, तुमच्यावर माझा राग नाही. दिवसभर उन्हात उभं राहून तुम्ही किती गाड्या उरकता ते मी पाहतो. परिपत्रक येईल तेव्हा येईल. तोपर्यंत एवढं करा : ड्रिल लावण्याआधी खाली बसून तोंडातून आत बघा. पापुद्रे दिसले तर त्यांच्यासमोर भोक पाडू नका. मालकाला विचारा, बंद पट्टा शोधा, दोन मिनिटं जास्त द्या. मालकांनाही सांगतो, ब्रॅकेट आधी बनवून, सोबत घेऊन केंद्रावर जा. रांगेत उभं राहून फिटरशी वाद घालण्यापेक्षा हे सोपं पडतं. कारंजा, मंगरुळपीर, दारव्हा, मूर्तिजापूर भागातल्या कुणालाही ब्रॅकेटचं माप हवं असेल तर मी पुठ्ठ्यावर कापून देईन, पैसे घेणार नाही.

परिपत्रकाचा मसुदा करताना प्रत्यक्ष गाडीवर तपासणी करायची असेल, तर ती एप्रिल-मे मध्ये, दुपारी, याच भागात करावी. जानेवारीत मुंबईला केलेल्या तपासणीत काहीच दिसणार नाही. गाडी, स्कॅनर आणि नळी मी घेऊन येईन. वाशिमचं कार्यालय असो वा अमरावतीचं, बोलावलं तिथे येईन.

आपला विश्वासू,
एक गॅरेजचालक,
कारंजा लाड परिसर, जि. वाशिम